बाबा सोळानं भागतात

गणित घ्या, असं मी मुलांना सांगतो तेव्हा त्यात मुलांचं हित किती आणि माझी नोकरी किती, हा हिशेब मी आजवर मांडला नाही. मांडायची भीती वाटत आली. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की आमच्या विभागात एकच विषय असतो, यंदा गणिताला किती आले? आकडा घसरला तर तुकडी जाते, तुकडी गेली की वर्कलोड कमी होतो आणि वर्कलोड कमी झाला की कोणीतरी अतिरिक्त ठरतं. हे सगळं डोक्यात घोळत असताना समोर अठरा वर्षांचा मुलगा येऊन बसतो. शेजारी वडील. ते विचारतात, "सर, मॅथ्स घेतलं तर पुढे स्कोप काय?" मी म्हणतो, "भरपूर." आणि बोटांवर मोजत जातो. शिक्षक, प्राध्यापक, बँक, एमपीएससी, आयटी, अलीकडे डेटा सायन्स. दोन मिनिटांत उत्तर संपतं, फॉर्मवर सही होते, पुढचा मुलगा येतो.

यातलं एकही नाव खोटं नाही. मग बोचतं काय?

बोचतं हे की त्या दोन मिनिटांत मी मुलाला काहीच विचारलेलं नसतं. घरून किती वर्षं साथ मिळेल? दोन वर्षं एम.एस्सी., मग नेट-सेट, मग जागा निघायची वाट, एवढा दम घरात आहे का? तुला गणित आवडतं म्हणजे नेमकं काय आवडतं, उदाहरणं झटपट सुटतात ते, की एखादी गोष्ट तशीच का असते हे शोधणं? इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून आलास का? शेवटचा प्रश्न मी तोंडानं विचारत नाही, पण मनात विचारतो, आणि उत्तर 'हो' असेल असं गृहीत धरून त्या मुलाकडे थोडं कमी लक्ष देतो. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण तसं आहे.

मी नागपूरच्या लकडगंजात राहतो. इथे सकाळ होते ती आरामशीनच्या आवाजानं. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान, प्लायवूडची दुकानं, चौकटी आणि दारं करणारे कारखाने, लाकूड वाहून नेणारे हातठेले. माझ्या वर्गातली बरीच मुलं याच भागातली, नाहीतर बगडगंज, हिवरीनगर, पारडीकडची. कोणाचे वडील डेपोत मुनीम, कोणाचे कळमन्याच्या बाजारात हमाल, कोणाचं स्मॉल फॅक्टरी एरियात छोटं वर्कशॉप. या घरांत 'पुढे काय?' हा प्रश्न हौसेनं विचारलेला नसतो. मोठी बहीण लग्नाची असते, घरभाडं असतं. मी ज्या सहजपणे 'एम.एस्सी. करून घे' म्हणतो, ती सहजता माझ्या दर महिन्याच्या पगारातून आलेली आहे.

एक प्रसंग सांगतो, कारण मला स्वतःकडे बघायला त्यानंच भाग पाडलं. प्रथम वर्षाचा वर्ग होता. इंटिग्रेशननं घनफळ काढण्याचा धडा चालू होता आणि मी वृत्तचितीवर आलो होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील इथल्याच एका लाकूड डेपोत लट्ठे मोजतात. ती म्हणाली, "सर, आपण परिघावरून घनफळ काढलं तेव्हा परिघाच्या वर्गाला चार गुणिले पाय यानं भागलं. बाबा सोळानं भागतात. मग बरोबर कोणाचं?"

घड्याळात तास संपायला थोडाच वेळ होता. मी म्हणालो, "बाबांची पद्धत ढोबळ आहे. परीक्षेत आपलंच लिही." ती बसली.

घरी आल्यावर तो सोळा काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी डेपोत जाऊन उभा राहिलो. लट्ठ्याच्या मध्यावर टेप गुंडाळतात आणि गोलाई इंचांत घेतात. तिला चारनं भागायचं, येईल त्याचा वर्ग करायचा, फुटांतल्या लांबीनं गुणायचं आणि १४४ नं भागायचं. झाले घनफूट. गोलाई ४८ इंच आणि लांबी १० फूट असली, तर चारनं भागून १२, वर्ग १४४, आणि उत्तर बरोबर १० घनफूट. माझ्या फळ्यावरच्या सूत्रानं याच लट्ठ्याचं घनफळ सुमारे १२.७ घनफूट भरतं. म्हणजे मुनिमाच्या मोजणीत पाचव्या हिश्शाहून जास्त लाकूड धरलेलंच नाही. कुठे गेलं ते? साल गेली, चारी बाजूंचे गोल काप गेले, पात्यानं भुसा खाल्ला. चिराई झाल्यावर हाती चौकोनी माल किती येईल, याचा अंदाज त्या चारच्या भागाकारातच बसवलेला आहे. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजानं १७३६ साली याची कोष्टकं छापली, त्यावरून ही पद्धत जगभर त्याच्या नावानं ओळखली जाते. इंग्रज आमदानीत ती आपल्या जंगलखात्यात आली आणि आमच्या गल्लीत आजही रोज चालते.

बाबांचं चूक नव्हतंच. ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढत होते. माझा प्रश्न होता, लट्ठा किती? त्यांचा प्रश्न होता, लट्ठ्यातून विकण्याजोगं लाकूड किती? दोन उत्तरांचं गुणोत्तर पाय भागिले चार, म्हणजे सुमारे ०.७८५ येतं, आणि ते लट्ठा जाड असो की बारीक, बदलत नाही. यावर अख्खा तास घेता आला असता. मी का घेतला नाही? अभ्यासक्रम मागे पडला होता हे एक कारण. दुसरं खरं कारण असं की मुनिमाचं गणित माझ्या वर्गात यावं, हेच मला थोडं हलकं वाटलं.

मग त्या मुलीचा प्रश्न मी माझ्या 'भरपूर स्कोप'शेजारी ठेवून बघितला. गणिताचा पदवीधर बाहेर जाऊन नेमकं करतो काय? विम्याचा हप्ता ठरवणारा ॲक्च्युअरी काय करतो? सर्वेक्षणात नमुना किती घरांचा घ्यायचा हे ठरवणारा संख्याशास्त्रज्ञ काय करतो? सूत्र एक सांगतं, व्यवहार दुसरं सांगतो, आणि दोहोंत फरक का पडतो हे ते शोधतात. ती मुलगी उभी राहिली तेव्हा तिनं त्यांच्याच जातीचा प्रश्न विचारला होता. करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन बोलणाऱ्या मला तो ओळखू आला नाही.

आणखी एक खंत आहे. लिनिअर प्रोग्रॅमिंग मी कित्येक वर्षं शिकवतो आहे. पुस्तकातला कारखाना 'अ' आणि 'ब' नावाच्या वस्तू बनवतो, मुलं सिम्प्लेक्सचे तक्ते भरतात, गुण मिळवतात. या विषयाचा उगम प्लायवूडमध्ये आहे हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. १९३८ साली लेनिनग्राडच्या प्लायवूड ट्रस्टची माणसं लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाकडे आली होती. यंत्रं वेगवेगळी, लाकडाच्या जाती वेगवेगळ्या, कोणत्या यंत्रावर काय सोलावं म्हणजे उत्पादन जास्तीत जास्त निघेल? त्या अडचणीवर विचार करता करता १९३९ मध्ये एक नवी शाखा उभी राहिली, आणि १९७५ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये कांतोरोविच वाटेकरी झाले. त्याच शाखेत १९८४ साली बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या नरेंद्र करमरकरांनी अशी पद्धत काढली की विमान कंपन्यांपासून टेलिफोन कंपन्यांपर्यंत सगळ्यांचे कान टवकारले. करमरकर मराठी, आयआयटी मुंबईचे. आणि मी प्लायवूडच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहून 'अ' आणि 'ब' शिकवत राहिलो. माझ्या विद्यार्थ्याला गणिताचं काम कुठे मिळतं हे दिसत नसेल, तर मी ते दाखवलं तरी कधी?

हुशार मुलांच्या बाबतीत माझा अपराध वेगळा आहे. त्यांना मी माझ्याच वाटेनं ओढतो. एखादा मुलगा सिद्धता नीट लिहायला लागला की मला उकळ्या फुटतात. एम.एस्सी. कर, नेट दे, पीएच.डी. कर. हे सांगताना मला माहीत असतं की स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत नेट झालेले, पीएच.डी. झालेले तरुण तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास, तेवढे पैसे. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे पैसेही नाहीत. कायम जागेची जाहिरात निघेल या आशेवर काहींची तिशी उलटून गेली. ते माझ्याच डब्यातली पोळी खातात आणि मी दुपारच्या तासाला जाऊन नव्या मुलाला तीच वाट दाखवतो. का? विषय जिवंत राहावा म्हणून, असं मी स्वतःला सांगतो. त्यात माझ्यासारखं कोणीतरी मागे उरावं ही हाव नाही का?

अशा वेळी मदतीला येतात ते गणितज्ञ शरदचंद्र श्रीखंडे. २२ डिसेंबरला, रामानुजनांच्या जयंतीला, मी व्यासपीठावरून त्यांचं नाव घेतो आणि टाळ्या मिळवतो. हक्काचं नाव आहे ते. आपल्या नागपूरच्या सायन्स कॉलेजात ते शिकले, तिथेच त्यांनी शिकवलं. ऑयलरनं १७८२ साली सहा रेजिमेंट आणि सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांचा प्रश्न मांडला. रांगेत आणि स्तंभात प्रत्येक रेजिमेंट, प्रत्येक हुद्दा एकदाच यावा अशी मांडणी त्याला जमली नाही, आणि त्यानं अंदाज बांधला की चारनं भागल्यावर दोन उरणाऱ्या कोणत्याच संख्येसाठी ती जमणार नाही. दोन आणि सहासाठी तो खरा होता. बाकीच्यांसाठी १९५९ मध्ये आर. सी. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी तो खोटा ठरवला. न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर बातमी दिली. आपल्या गावचा माणूस! मुलांचे डोळे चमकतात.

मी काय सांगत नाही ते आता बघा. श्रीखंड्यांना कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत जाता आलं, तिथे बोस भेटले, पुढे त्याच बोसांच्या हाताखाली १९५० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डॉक्टरेट झाली. योग्य वयात योग्य माणूस आणि योग्य संस्था भेटली. हा भाग मी गाळतो, कारण तो सांगितला की पुढचा प्रश्न येणारच: सर, मग आम्हाला तुम्ही कुठे पाठवणार? बी.एस्सी.च्या मुलांसाठी १९९३ पासून एमटीटीएसचं उन्हाळी शिबिर भरतं, महिनाभर नुसतं विचार करायला शिकवतात. माधव स्पर्धा आहे. आयआयटीत एम.एस्सी.ला नेणारी जॅम परीक्षा आहे. चेन्नईची गणित संस्था आहे, मुंबईची टीआयएफआर आहे. यांचे अर्ज कधी निघतात हे मी वर्गात वेळेवर सांगतो का? सूचनाफलकावर कागद लावतो. कागद लावला म्हणजे माझं काम झालं, असं मानतो.

इथे मला एक शंका येते आणि ती सोडवता येत नाही. श्रीखंड्यांचा प्रश्न कोणी पोटासाठी विचारला नव्हता. मी सगळं गणित नोकरीच्या मापानं मोजायला लागलो, तर ऑयलरच्या ३६ अधिकाऱ्यांकडे कोण बघणार? देवळालीचे कापरेकर शाळामास्तर होते, १९३० ते १९६२ शाळेत शिकवत राहिले आणि संख्यांशी खेळत राहिले. नोकरी एकीकडे आणि गणित एकीकडे, असंही जगता येतं. पण मग त्या मुलाला मी तसं स्पष्ट सांगायला हवं ना, की पोट शाळेवर भरेल आणि गणित तुझं तुला सांभाळावं लागेल? शाळेसाठी बी.एड., टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरची वाट बघणं आहे, हेही सांगायला हवं. शिवाय उपयोगी आणि निरुपयोगी यांची फाळणी मला वाटते तेवढी सरळ नाहीच. ऑयलरच्या मांडणीतले ते लॅटिन चौरस संख्याशास्त्रज्ञ फिशरनं शेतातल्या प्रयोगांच्या आखणीत आणले, आणि बोस-श्रीखंडे त्या प्रश्नाकडे आले ते संख्याशास्त्राच्या दारातून. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी शेतीच्या संशोधकांसाठी १९५४ साली लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक देशभरच्या कृषी विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कापसाचा प्रदेश आपला. कापसाच्या प्रयोगाचे वाफे कसे आखायचे, यातही लॅटिन चौरस आहे, हे मी एकदा तरी वर्गात बोललो का?

संख्याशास्त्रावरून आठवलं आणि हे आठवणं सोपं नाही. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा यूपीएससी घेते. त्यासाठी संख्याशास्त्र, गणिती संख्याशास्त्र किंवा उपयोजित संख्याशास्त्र यांपैकी विषय पदवीला असावा लागतो, नाहीतर त्यात एम.एस्सी. हवी. नुसतं गणित चालत नाही. माझा एक चांगला विद्यार्थी हे शेवटच्या वर्षी जाहिरात वाचताना शिकला. तो मला काही बोलला नाही. पहिल्या वर्षी विषयगट भरताना तो माझ्यासमोरच बसला होता. मी त्याला गणित, भौतिक आणि रसायन लिहायला लावलं, कारण त्या गटाला तास जुळत होते. ॲक्च्युअरीचंही तसंच. त्यांची प्रवेशपरीक्षा बारावीनंतर लगेच देता येते आणि पुढचे पेपर एकेक करून वर्षानुवर्षं चालतात. मी ते तिसऱ्या वर्षाच्या निरोप समारंभात सांगतो.

मुलींबद्दल तर मी आणखी घाई करतो. "पोरीले बी.एड. करून टाकू का सर, घरच्या घरी नोकरी भेटन," असं एखादे वडील विचारतात, आणि मी मान डोलावतो. शिक्षकी वाईट म्हणून नव्हे. मी स्वतः तेच करतो. पण मुलगा असता तर मी निदान पुण्याचं, बंगळुरूचं नाव काढलं असतं. सोळाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे वडील आले तेव्हाही मी मान डोलावलीच होती.

मत्सरही सांगून टाकतो. मध्यंतरी टेलिफोन एक्स्चेंज चौकात मेट्रोच्या जिन्याशी जुना विद्यार्थी भेटला. रिअल ॲनालिसिसमध्ये जेमतेम पास झालेला. पुण्यात विमा कंपनीत आहे, जोखमीचे हिशेब करतो. वाकून नमस्कार केला, आईला दवाखान्यात न्यायला आलो म्हणाला. पगार मी विचारला नव्हता, बोलण्यात आला. माझ्याहून बराच जास्त. मी म्हणालो, "पण गणित सुटलं ना रे तुझं?" तो गोंधळला. म्हणाला, "नाही सर, रोज संभाव्यताच तर वापरतो. तुम्ही शिकवलेली. फक्त प्रोग्रॅमिंग मला बाहेर शिकावं लागलं." तो मला श्रेय देत होता आणि मी त्याचं काम लहान करत होतो. ज्याच्या यशानं माझ्या विषयाची बाजू भक्कम होते, त्याचंच यश मला का टोचावं? कारण तो माझ्या वाटेनं गेला नाही. दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र पकडून ठेवण्यासारखी आहे. नुसत्या बी.एस्सी. गणितावर आज दार उघडेलच असं नाही. जोडीला काहीतरी हवं: संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग, अर्थशास्त्र, किंवा निदान स्वच्छ लिहिता-बोलता येणं. हे मी आता प्रवेशाच्या टेबलावर सांगायला लागलो आहे. तास जुळतात की नाही, याचा विचार नंतर. एक वहीही घातली आहे. जुने विद्यार्थी सध्या काय करतात ते विचारून लिहितो आहे. बँकेत आहेत, तलाठी आहेत, शिकवण्या घेणारे बरेच आहेत, पुण्याच्या आयटीत आहेत, वडिलांचं प्लायवूडचं दुकान सांभाळणारे आहेत, आणि अजून परीक्षाच देत असलेलेही आहेत. शेवटची नावं लिहिताना हात थांबतो. पण ती गाळली तर वही पुन्हा माझ्या 'भरपूर'सारखी होईल. यानं कोणाचं भलं होईल का, ठाऊक नाही. गेल्या प्रवेशांत ही वही बघून एक मुलगा गणित न घेता निघून गेला. विभागात त्यावर नाराजी झाली. मलाही वाईट वाटलं. तरी तो माहिती घेऊन गेला, एवढं खरं.

सोळाचा प्रश्न मी वर्गात परत काढला. आम्ही दोन्ही उत्तरं फळ्यावर मांडली, गुणोत्तर काढलं, आणि त्या मुलीनं उठून भुसा कुठे जातो ते सगळ्यांना समजावलं. माझ्यापेक्षा तिला ते जास्त माहीत होतं. तिनं दुसऱ्या वर्षी जॅमचा अभ्यास सुरू केला आहे, आणि तिच्या वडिलांशी मी पुन्हा बोललो आहे, या वेळी तिच्यासमोर. ते अजून 'हो' म्हणालेले नाहीत. त्यांची अडचण खर्चाची आहे आणि ती खरी आहे. शिष्यवृत्त्यांची माहिती मी काढतो आहे.

येत्या जूनमध्ये तुमचं मूल गणित घेणार असेल, तर आमच्यापैकी जो कोणी टेबलापलीकडे बसला असेल त्याला विचारा: जोडीला संख्याशास्त्र घ्यायचं का? तुमचे पाच वर्षांपूर्वीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, सगळे, फक्त फलकावर फोटो लागलेले नव्हे? घरातून अजून किती वर्षं मदत लागेल? आणि 'स्कोप भरपूर आहे' एवढ्यावर उठू नका. समोर मी असलो तरी उठू नका.